एदोगावा प्रभाग समजून घ्यायचा आहे: निशिकासाईच्या पलीकडे कोठून सुरुवात करावी?

पूर्वकिनारा (प्रश्न)

नमस्कार. येत्या एप्रिलपासून कामानिमित्त काही वर्षे टोकियोत राहण्याचा योग आहे. कार्यालय ओतेमाची भागात असल्याने सहकाऱ्यांनी एदोगावा प्रभागातील निशिकासाई येथे घर घेण्याचे सुचवले आहे. तेथे भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत, किराणा मिळतो, शाळा आहेत, ही माहिती मला अनेकांकडून मिळाली असून त्याबद्दल माझा प्रश्न नाही.

माझा प्रश्न असा आहे की, सुमारे सात लाख लोकवस्तीच्या या प्रभागाची स्वतःची ओळख काय आहे आणि ती करून घेण्याचा मार्ग कोणता? पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांमध्ये असाकुसा, शिबुया, उएनो यांवर पानेच्या पाने असतात, परंतु एदोगावाचा उल्लेख आला तर तो समुद्रकाठच्या मत्स्यालयापुरता येतो. नकाशा उघडून पाहिला तर शहराच्या पूर्व टोकाला, दोन मोठ्या नद्यांच्या मध्ये, उत्तर-दक्षिण पसरलेला एक लांबट पट्टा दिसतो. एखादे ठळक केंद्र मात्र दिसत नाही. अशा ठिकाणी राहणारा माणूस बहुधा घर, स्थानक आणि कार्यालय एवढ्याच त्रिकोणात फिरत राहतो, आणि मला ते टाळायचे आहे. जे तेथे राहिले आहेत किंवा ज्यांनी शहराच्या या बाजूचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

बांधावरून

आपण नकाशात दोन नद्या आणि मधला पट्टा पाहिलात, तेथूनच सुरुवात करावी असे मी म्हणेन. एदोगावाला ठळक केंद्र नाही, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. १९३२ साली टोकियो शहराची हद्द वाढवताना सात गावे एकत्र करून हा प्रभाग तयार करण्यात आला, आणि त्या गावांचे वेगळेपण आजही पूर्णपणे पुसले गेलेले नाही. त्यांना जोडणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे पाणी. पश्चिमेला अराकावा आणि तिला चिकटून वाहणारी नाकागावा, पूर्वेला एदोगावा व तिचा जुना प्रवाह, दक्षिणेला टोकियोचा उपसागर. प्रभागाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या वेळच्या समुद्रपातळीपेक्षा खाली आहे.

यातील अराकावा पाहताना ती नैसर्गिक नदी वाटते, पण या भागातील तिचे रुंद पात्र माणसांनी खोदलेले आहे. १९१० च्या महापुरात टोकियोचा सखल भाग बुडाल्यानंतर पुराचे पाणी शहराला वळसा घालून समुद्रात सोडण्यासाठी हा कालवा खोदण्याचे ठरले, आणि ते काम १९३० मध्ये पूर्ण झाले. पनामा कालव्याच्या बांधकामावर काम करून परतलेले आकिरा आओयामा हे अभियंते या कामात प्रमुख होते. खोदाईच्या वाटेत आलेली गावे उठवण्यात आली आणि कोमात्सुगावा परिसर मधोमध चिरला गेला. हिराई आणि कोमात्सुगावा हे भाग आज अराकावाच्या पलीकडे, म्हणजे शहराच्या मध्यभागाच्या बाजूला असूनही एदोगावा प्रभागात मोडतात, त्याचे कारण हेच आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. कारखान्यांसाठी भूजलाचा आणि पाण्यात विरघळलेल्या नैसर्गिक वायूचा उपसा दीर्घकाळ चालल्यामुळे टोकियोचा पूर्व भाग खचत गेला. निशिकासाईत १९६८ या एकाच वर्षात जमीन सुमारे २४ सेंटीमीटर खाली गेल्याची नोंद आहे. दक्षिण किनाऱ्यावरची काही खासगी मालकीची जमीन तर खचून समुद्राखाली गेली होती. मालकी कागदावर राहिली आणि शेतावर पाणी आले. १९७२ मध्ये टोकियो प्रशासनाने वायू काढण्याचे हक्क विकत घेऊन तो उपसा थांबवला. त्याच वर्षी कासाईच्या किनाऱ्यावर भराव टाकून जमीन परत मिळवण्याचा मोठा प्रकल्पही सुरू झाला. आज ज्या सेइशिन-चो आणि रिंकाई-चो या वसाहती दिसतात, त्या या प्रकल्पातून उभ्या राहिल्या. त्यामुळे एक उलटा प्रकार झाला आहे, तो येथे राहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा: समुद्राच्या बाजूची नवी भरावाची जमीन उंच आहे, आणि तिच्या मागची, आत असलेली जुनी वस्ती खोल आहे.

त्याआधी कासाई हे मासेमारीचे आणि नोरी या समुद्रशेवाळाच्या शेतीचे गाव होते. १९५८ मध्ये नदीकाठच्या एका कागद कारखान्याच्या सांडपाण्यामुळे पाणी काळे झाले आणि शेजारच्या उरायासूचे मच्छीमार संतापून कारखान्यात शिरले. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानमध्ये जलप्रदूषणाविरुद्धचे पहिले कायदे झाले, त्यांच्या मागे ही घटना होती. प्रदूषण आणि भराव यांच्यापुढे कासाईच्या मच्छीमारांनी १९६२ मध्ये आपले मासेमारीचे हक्क सोडले. आपण ज्या समुद्रकाठच्या उद्यानाचा आणि मत्स्यालयाचा उल्लेख केलात, ती दोन्ही १९८९ ची आहेत. तेथे जरूर जावे, परंतु मत्स्यालय पाहून परतण्याऐवजी पुढे पुलावरून किनाऱ्यापर्यंत जावे. पश्चिमेकडचा किनारा लोकांसाठी खुला आहे, तर पूर्वेकडचा पक्ष्यांसाठी राखून ठेवलेला असल्याने तेथे माणसांना प्रवेश नाही. २०१८ मध्ये या दलदलीच्या किनाऱ्याची रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नोंद झाली, आणि टोकियो महानगरातील असे ते पहिलेच स्थळ ठरले.

तोझाईप्रवासी

वरील प्रतिसाद उत्तम आहे. निशिकासाईबद्दल प्रश्न नाही असे आपण लिहिले असले, तरी ती वस्ती तेथेच का वाढली हे समजल्याशिवाय प्रभाग समजणार नाही, म्हणून थोडे लिहितो.

तोझाई या भूमिगत रेल्वेमार्गावरील गाड्या १९६९ मध्ये कासाईपर्यंत आणि पुढे निशि-फुनाबाशीपर्यंत धावू लागल्या. निशिकासाई स्थानक मात्र १९७९ चे आहे, कारण तोपर्यंत तेथे स्थानक करावे एवढी वस्तीच नव्हती. भूमिगत मार्गाने येणारी गाडी अराकावाच्या अलीकडे जमिनीवर येते, पुलावरून नदी ओलांडते आणि मग उंच खांबांवरूनच प्रभागातून जाते. पहिल्या दिवशी त्या पुलावर खिडकीबाहेर अवश्य पाहावे, पुढे गर्दीत ते जमेलच असे नाही. या मार्गावरील किबा ते मोंझेन-नाकाचो हा टप्पा २०१९ च्या आर्थिक वर्षात क्षमतेच्या १९९ टक्के गर्दीसह देशातील मोठ्या शहरांच्या मार्गांत पहिला होता. घरून काम करण्याची पद्धत रुळल्यानंतर ती गर्दी बरीच ओसरली, तरी सकाळी बसायला जागा मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.

२००० सालाच्या संगणकीय अडचणीच्या निमित्ताने भारतीय अभियंते टोकियोत मोठ्या संख्येने आले. त्यांची कामाची ठिकाणे ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचो या भागांत होती आणि तोझाई मार्ग तेथे थेट जातो, हे पहिले कारण. दुसरे कारण घरांचे. जपानमध्ये खासगी घर भाड्याने घेताना जामीनदार मागतात, घरमालकाला परत न मिळणारी भेटरक्कम द्यावी लागते, आणि परदेशी माणसाला नकारही मिळतो. यूआर या सार्वजनिक संस्थेच्या वसाहतींमध्ये मात्र जामीनदार, भेटरक्कम, दलाली आणि नूतनीकरण शुल्क यांपैकी काहीच लागत नाही, ठरावीक उत्पन्न आणि वैध निवास परवाना असला की पुरते. अशा वसाहती निशिकासाईच्या कोजिमा-चो भागात आणि भरावावरच्या सेइशिन-चोमध्ये तयार होत्या. तिसरे कारण माणसाचे. कोलकात्याहून आलेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्रानी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून या भागात होते, आणि नव्याने आलेल्यांना घर मिळवून देण्यापासून जेवणाच्या सोयीपर्यंत त्यांनी पुष्कळ मदत केली. म्हणजे ज्या जमिनीवर पूर्वी पाणी होते, तेथे सार्वजनिक घरे झाली, आणि ती घरे इतरांपेक्षा परदेशी माणसांना सहज मिळाली म्हणून ही वस्ती झाली. योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये प्रभागाच्या लोकनियुक्त परिषदेवर निवडून आले. भारतात जन्मलेली व्यक्ती जपानमध्ये निवडून येण्याची ती पहिली वेळ होती. २०२४ च्या जुलैमध्ये प्रभागात महात्मा गांधींच्या अर्धपुतळ्याचे अनावरण भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या हस्ते झाले.

माझे एक स्पष्ट मत आहे, काहींना ते पटणार नाही. निशिकासाईला ‘लिटिल इंडिया’ म्हणण्याची जी पद्धत वृत्तपत्रांत पडली आहे, ती दिशाभूल करते. तेथे गेल्यावर भारतीय वस्तूंनी भरलेला बाजारपेठेचा रस्ता आपल्याला दिसणार नाही. काही उपाहारगृहे, काही दुकाने आणि बाकी सगळी जपानी उपनगरी वस्ती, असे चित्र आहे. भारतीय कुटुंबे इमारतींच्या मजल्यांवर आणि संध्याकाळी उद्यानांत दिसतात. त्या उद्यानांपैकी ग्योसेन उद्यान स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तेथे विनाशुल्क छोटे प्राणिसंग्रहालय आणि पारंपरिक जपानी पद्धतीची बाग आहे, आणि उन्हाळ्यात गोल्डफिशचा उत्सव भरतो. गोल्डफिशची पैदास हा एदोगावाचा जुना व्यवसाय आहे, आणि त्यालाही मुबलक पाणी व सखल जमीनच कारण होती.

पूर्वकिनारा

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. घर निवडताना स्थानकापासूनचे अंतर पाहावे एवढेच मला ठाऊक होते, जमिनीची उंचीही पाहावी हे आता लक्षात आले. दोन उपप्रश्न विचारतो. पहिला, प्रभागाच्या उत्तर भागाबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, तेथे काय आहे? दुसरा, पुराचा धोका दैनंदिन जीवनात कितपत जाणवतो? घरच्यांना हे सर्व वाचून दाखवले तर ते दुसरा प्रभाग शोधायला सांगतील, अशी शंका वाटते.

शिनोझाकीकर

उत्तरेबद्दल मी लिहिते, कारण माझा बराच काळ त्या बाजूला गेला आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी. एदोगावातील रेल्वेमार्ग पूर्व-पश्चिम जातात, कारण ते सर्व माणसांना शहराच्या मध्यभागी नेण्यासाठी बांधले गेले. उत्तरेकडे सोबू मार्गावर हिराई आणि कोइवा, त्याच्या जवळच केइसेइ कंपनीचा मार्ग, मध्यभागी शिंजुकु भूमिगत मार्गावर फुनाबोरी, इचिनोए, मिझुए आणि शिनोझाकी, दक्षिणेला तोझाई, आणि समुद्रालगत केइयो मार्ग. प्रभागाच्या आत उत्तर-दक्षिण जाणारी रेल्वे नाही. त्यामुळे कासाईत राहणारा माणूस कोइवाला एकदाही न जाता अनेक वर्षे काढू शकतो, आणि बहुतेक जण तसेच काढतात. हे टाळायचे असेल तर बसची सवय लावून घ्यावी. सातव्या वर्तुळाकार रस्त्यावरून धावणारी ‘शटल सेव्हन’ ही बस कोइवाला कासाईशी जोडते. माझ्या मते प्रभागाची ओळख करून घेण्याचे ते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगले साधन आहे. सायकलही उपयोगी पडते, कारण जमीन सपाट आहे आणि चढ लागतो तो फक्त बांधांवर व पुलांवर.

कोइवा हे दक्षिणेपेक्षा कितीतरी जुने गाव आहे. युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून वाढलेल्या अरुंद गल्ल्या, छत असलेले बाजाररस्ते आणि लहान मद्यालये यांमुळे त्याला विशिष्ट चेहरा होता. आता स्थानकाभोवती पुनर्विकास चालू असून उंच इमारती उभ्या राहत आहेत, तेव्हा जुने कोइवा पाहायचे असेल तर लांबणीवर टाकू नये. स्थानकात सुमो योकोझुना (सर्वोच्च दर्जाचे मल्ल) तोचिनिशिकी यांचा पुतळा आहे, ते याच भागातले. पूर्वेला झेन्योजी मंदिरात सहाशे वर्षांहून जुने मानले जाणारे एक काळे पाइन झाड आहे. त्याची उंची फारशी नाही, पण फांद्या आडव्या इतक्या पसरल्या आहेत की खालच्या आधारखांबांतूनच त्यांचा विस्तार लक्षात येतो. जूनमध्ये एदोगावाच्या काठावरील आयरिस बाग फुलते, आणि ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी शिनोझाकीच्या नदीकाठी आतषबाजी होते. पलीकडच्या काठावरील इचिकावा शहर त्याच वेळी तिच्यात सहभागी असते.

मधल्या शिशिबोने भागाला एकही रेल्वे स्थानक नाही, आणि म्हणूनच तेथे अजून शेते टिकून आहेत. फुलझाडांची रोपे आणि कोमात्सुना ही पालेभाजी हे तेथील उत्पन्न. आज संपूर्ण जपानमध्ये खाल्ल्या जाणाऱ्या या भाजीला कोमात्सुगावा गावाचे नाव मिळाले. आठवे शोगुन (लष्करी शासक) योशिमुने शिकारीसाठी आले असता त्यांना ती वाढण्यात आली आणि त्यांनी तिला हे नाव दिले, अशी आख्यायिका सांगतात.

पाण्याचा धाक आणि पाण्याची आवड ही दोन्ही येथे शेजारी नांदतात. गावांतून वाहणारे जुने कालवे १९६० च्या दशकापर्यंत सांडपाण्याची गटारे झाले होते. ते बुजवून रस्ते करणे सोपे होते, आणि इतरत्र तसेच झाले. एदोगावाने मात्र १९७३ मध्ये फुरुकावा या ओढ्यात स्वच्छ पाणी सोडून मुलांना पाय बुडवून खेळता येईल असे उद्यान केले. जपानमधील अशा प्रकारचे ते पहिले उद्यान होते. त्याच्या जवळचा शिंकावा कालवा तोकुगावा राजवटीत ग्योतोकुचे मीठ एदो शहरात (आजच्या टोकियोत) आणण्यासाठी खोदला गेला. आता त्याच्या दोन्ही काठांवर चेरीची झाडे आहेत. उएनोची गर्दी नको असेल तर मार्चअखेरीस तेथे जावे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगायचे तर, पूर रोजच्या जगण्यात जाणवत नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे. बांध भक्कम आहेत, पंप चालू आहेत, त्यामुळे लोक विसरतात. १९४७ च्या कॅथलीन वादळात तोने नदीचा बांध दूर साइतामात फुटला, आणि ते पाणी काही दिवसांनी येथे पोहोचून घरे बुडाली, हे आठवणारी पिढी आता थोडी उरली आहे. म्हणूनच प्रभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धोका-नकाशाच्या मुखपृष्ठावर प्रभाग रंगवून ‘येथे थांबू नका’ अशा अर्थाचे सरळ शब्द छापले. मोठा पूर येण्याची चिन्हे दिसताच प्रभागाबाहेर निघून जा, हा त्याचा आशय होता. त्यावर बरीच चर्चा झाली. काहींना ते घाबरवणारे वाटले. मला ते प्रामाणिक वाटले, कारण शेजारच्या चार प्रभागांसह केलेल्या अंदाजानुसार सर्वांत वाईट परिस्थितीत पाणी दोन आठवड्यांहून अधिक काळ साचून राहू शकते, आणि एवढ्या लोकांना छतांवरून सोडवणे कोणत्याही यंत्रणेला शक्य नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हागिबिस वादळ आले आणि प्रभागाच्या काही भागाला स्थलांतराची सूचना द्यावी लागली. घरच्यांना हे सांगताना पुढची बाजूही सांगावी: भूकंप अचानक येतो, नदीचा पूर मात्र एक-दोन दिवस आधी कळतो.

बांधावरून

शिनोझाकीकर यांच्याशी सहमत आहे. घर पाहताना तो नकाशा बरोबर न्यावा आणि त्या पत्त्यावर पाण्याची संभाव्य खोली किती दाखवली आहे ते पाहावे. घरांचे व्यवहार करून देणाऱ्या दलालांना २०२० पासून या नकाशावरील घराचे स्थान ग्राहकाला दाखवणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे विचारण्यात संकोच नको. पाण्याची खोली अधिक असेल तर वरचा मजला घ्यावा, आणि तरीही कोणत्या दिशेला निघायचे हे आधी ठरवून ठेवावे.

तोझाईप्रवासी

प्रशासनाबाबत दोन ओळी जोडतो. टोकियोचे २३ विशेष प्रभाग इतर जपानी शहरांच्या प्रभागांसारखे नाहीत. प्रत्येकाला लोकांनी निवडलेला महापौर आणि स्वतःची लोकनियुक्त परिषद असते. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत पत्त्याची नोंद करावी लागते. त्यासाठी मुख्य कार्यालयातच जावे लागते असे नाही, कासाई, कोइवा, कोमात्सुगावा, तोबू आणि शिशिबोने येथेही प्रभागाची कार्यालये आहेत. निशिकासाईत राहिल्यास आपल्याला कासाईचे कार्यालय सोयीचे पडेल. नोंद करतानाच धोका-नकाशा आणि कचऱ्याच्या वर्गीकरणाचे वेळापत्रक मागून घ्यावे, दोन्ही इंग्रजीतही मिळतात. वसाहतीच्या किंवा गल्लीच्या रहिवासी मंडळाचे सभासद होणे ऐच्छिक असते, पण व्हावे. उन्हाळ्यातील नृत्योत्सव आणि आपत्ती-सराव तीच मंडळे भरवतात, आणि शेजारच्या जपानी ज्येष्ठांशी बोलण्याची संधी तेथेच मिळते.

पहिल्या मोकळ्या दिवशी फुनाबोरीच्या टॉवर हॉलच्या मनोऱ्यावर जावे. शंभर मीटरहून उंचावरचे निरीक्षणदालन विनाशुल्क आहे, आणि वर ‘बांधावरून’ यांनी वर्णन केलेल्या सगळ्या नद्या तेथून एका फेरीत दिसतात. नकाशा बरोबर ठेवावा, आणि दिवस हिवाळ्यातला असेल तर सकाळी लवकर जावे, दुपारनंतर हवा धूसर होते.